दारातलं पाणी

लीड्समध्ये आमच्या भागातल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी एक वर्ग भरतो. दारावर कागद चिकटवलेला असतो: 'हजार वर्षांपूर्वीचं नॉर्स शहाणपण, आजच्या आयुष्यासाठी'. तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आजच्या आयुष्यासाठी शहाणपण हवंच असेल तर आधी कौन्सिलकडून कचऱ्याच्या डब्यांचा वार नक्की करून घ्या, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा. पण बाबांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, "कविता आहेत का?"

कविता आहेत म्हटल्यावर माझा इलाज खुंटला. माझ्या बाबांनी नागपूरला महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. कवितेचा तास आला की शेजारच्या वर्गातल्या बाई आपला वर्ग शांत करून ऐकत बसायच्या, असं आई सांगायची. आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर नागपूरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच. दुपारी जेवायचे नाहीत, फोनवर मात्र जेवलो म्हणायचे. एकदा बाथरूममध्ये पडले आणि ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. मी हट्टाने व्हिसा काढला आणि सप्टेंबरात त्यांना इथे आणलं. मार्चपर्यंत राहता येणार होतं. तेवढी थंडी त्यांनी माझ्याजवळ काढावी, एवढंच मला हवं होतं. त्यांना मात्र नोव्हेंबर संपायच्या आत परत जायचं होतं, आणि मला न विचारता त्यांनी फोन करून तिकीट अलीकडच्या तारखेचं करूनही घेतलं होतं.

"नागपूरला आहे काय आता?" मी चिडून विचारलं.

"खालच्या मजल्यावरचं घर आहे," ते म्हणाले. "मी न सांगता जातो, बसतो, ते पाणी आणून देतात. इथे असं एक घर दाखव मला."

आमच्या गल्लीत सगळी घरं एकमेकांना चिकटून आहेत, पण शेजारची बाई माझ्याशी फक्त पार्सल घेताना बोलते. महाराष्ट्र मंडळ दिवाळीत भेटतं आणि तिथे मराठीत मॉर्गेजची चर्चा होते. आपल्या बौद्ध कुटुंबांची वंदना महिन्यातून एकदा, तीही दुसऱ्या शहरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये. बाबा तिथे खुश असतात, पण मधले सगळे दिवस खिडकीपाशी. माझं काम हॉस्पिटलच्या आयटीत, सकाळी आठला घर सोडावं लागतं. नवरा आठवडाभर कामासाठी लंडनजवळ इल्फर्डला असतो आणि शनिवारी-रविवारी घरी येऊन झोपतो. म्हणून म्हटलं, चला, नॉर्स तर नॉर्स. निदान तिथे हीटिंग असेल.

वर्ग घेणाऱ्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. उंच, करड्या केसांच्या, उत्साहाने नुसत्या उतू जाणाऱ्या. आपले नॉर्स पूर्वज, म्हणजे व्हायकिंग, नॉर्वे-डेन्मार्ककडून जहाजांतून इथे आले, यॉर्कशरमधल्या अर्ध्या गावांची नावं त्यांनीच ठेवली, हे त्या दर शनिवारी नव्याने सांगायच्या. मग एक कडवं आधी त्या जुन्या भाषेत वाचायचं, मग इंग्रजीत, आणि मग प्रश्न ठरलेला: या आठवड्यात हे आपण कसं वापरू?

इथेच माझा पारा चढायचा. ज्यांनी ती कडवी रचली ती माणसं बर्फात, उपाशी, कमरेला सुरी लावून जगत होती. इथे त्यांचं सगळं शहाणपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये नेऊन बसवत होते. त्यात सगळ्यांत पुढे एक दाढीवाला. बँकेत, माणसं नेमण्याच्या खात्यात कामाला. दाढी थेट त्या जहाजातून उतरल्यासारखी, बोलणं मात्र पॉवरपॉइंटचं. पहाटे उठावं अशा अर्थाचं कडवं आलं की तो म्हणायचा, "प्रॉडक्टिव्हिटी." मित्राकडे जात राहावं असं आलं की, "नेटवर्किंग." मी मूग गिळून बसायचे.

बाबा मात्र रंगायचे. त्यांना इंग्रजी वाचता येतं, व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं आहे, पण यॉर्कशरचं बोलणं त्यांच्या कानात शिरत नव्हतं. म्हणून मी दुभाषी. बाई बोलल्या की मी हळू आवाजात मराठीत सांगायचं, बाबा बोलले की मोठ्याने इंग्रजीत. आणि बाबांचा प्रत्येक कडव्याला एकच प्रश्न असायचा, शाळेतही मुलांना ते हाच विचारायचे: "हे कोण कुणाला सांगतंय?"

चारचौघांत मोजकं बोलावं, गप्प राहणाऱ्याचं अज्ञान झाकलं जातं, अशा धर्तीचं एक कडवं होतं. दाढीवाला खुश झाला. हल्ली सगळेच फार बोलतात, ऐकण्याची कला गेली वगैरे. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार त्यांना. ज्याला कुणी कधी बोलूच दिलं नाही, त्याने या कडव्याचं काय करायचं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "हिज पॉइंट इज, कॉन्टेक्स्ट इज इम्पॉर्टंट."

"हे नव्हतं म्हटलं मी," बाबा मराठीत म्हणाले.

पहाटे उठायच्या कडव्याच्या वेळीही तेच. त्यांनी विचारलं, "घरातली कामं करायला गुलाम होते ना यांच्याकडे? मग पहाटे उठा असं गुलामाला कुणी कवितेत सांगितलंय का? की त्याला लाथेनंच उठवायचे?" मी त्याचं भाषांतर केलं: "ही इज इंटरेस्टेड इन द सोशल बॅकग्राउंड." बाई आनंदाने म्हणाल्या, "ओ, हाऊ लव्हली!" आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी बाबांसाठी जुन्या घरांच्या रचनेवरचं रंगीत चित्रांचं पुस्तक आणलं.

परत येताना गाडीत बाबांनी ते पुस्तक मांडीवर ठेवलं होतं. "मी काय म्हटलं आणि तू काय सांगितलंस?"

"बाबा, त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे की. मला त्यांच्याशी बोलायचंय. तू मला त्यांच्याशी गोड वागायला लावतेस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हे कुणासाठी करत होते? त्यांना इथे चार माणसं मिळावीत म्हणून. लोकांना हा म्हातारा आवडावा, कुणी घरी बोलवावं, त्यांनी ते तिकीट मागे घ्यावं म्हणून. आणि इंग्रजांना पहिल्याच महिन्यात गुलामांबद्दल विचारलं की ते तुम्हाला घरी बोलवत नाहीत, हे कळायला मला इथे पुरेशी वर्षं लागली होती.

आता बाटलीबद्दल सांगायला हवं. बाबा घराबाहेर पडताना स्टीलची पाण्याची बाटली घेतात. कायम. लग्नाला, दवाखान्यात, माझ्या सासरीसुद्धा. दाढीवाल्याने एकदा तिचं कौतुक केलं. प्लॅस्टिक नाही, सस्टेनेबल, आपण सगळ्यांनी यांच्याकडून शिकायला हवं, म्हणाला. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतोय. मी म्हटलं, बाटली छान आहे म्हणतोय. त्या दिवशी खरं तर मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं.

त्या बाटलीमागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली आहे. मी शाळेत होते आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन पाणी मागून प्यायले, एवढंच सहज घरी बोलले होते. बाबा लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर गावातल्या एका मोठ्या घरी निरोप द्यायला गेले होते. भंडाऱ्याकडचं गाव, उन्हाळा. त्यांना तहान लागली आणि त्यांनी पाणी मागितलं. त्या घरातली बाई तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला आली आणि वरून, हातभर अंतरावरून, त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. तांब्या कुठे लागू नये म्हणून. बरंच पाणी कोपरांवरून सदऱ्यात गेलं. शेजारी त्यांचे वडील मान खाली घालून उभे होते. पुढे आजोबांनी धर्म बदलला, घर नागपूरला आलं, बाबा शिकले. पण कुणाच्याही घरी पाणी मागायचं नाही, हे त्यांनी तेव्हापासून पाळलं. कुणी आपणहून पेल्यात आणून हातात दिलं तर ते पितात. आणि ज्या घरात असं देतात ते घर त्यांच्या लेखी आपलं असतं. मला त्यांनी काही बंधन घातलं नाही. "तू माग बेटा," म्हणाले होते, "तू खुशाल माग."

नोव्हेंबरच्या मध्यात लायब्ररीचं हीटिंग बिघडलं. बाईंनी ईमेल केली की या शनिवारचा वर्ग त्यांच्या घरी. घर लीड्सबाहेरच्या एका खेड्यात. कडवं पाहुण्याविषयीचं: थंडीतून चालत आलेल्या माणसाला यजमानाने आधी काय द्यायला हवं, त्याबद्दल. शेकोटी, पाणी, अंग पुसायला फडकं. बाईंनी शेवटी लिहिलं होतं की या वेळी आपण कडवं नुसतं वाचणार नाही, जगून पाहू.

मी ती ईमेल बाबांना वाचून दाखवली. इथे आल्यापासून त्यांना कुणी घरी बोलावल्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी कोट काढला, बूट पुसले. निघताना बाटली ओट्यावरच राहिली म्हणून मी ती उचलली, तर म्हणाले, "राहू दे ती."

"अहो, रस्ता लांब आहे."

"कुणी घरी बोलावलंय. आपलं पाणी घेऊन गेलो तर त्यांचा अपमान. आणि कडवं कोणतं निवडलंय बघ. पाणी देतीलच की मॅडम."

ते इतक्या भरवशाने म्हणाले की मला आनंद झाला. वाटलं, जमतंय. मार्चपर्यंत जमेल.

बाईंचं घर दगडी, बुटकं, दारासमोर ओली फरशी. भुरभुर पाऊस होता. आम्ही पोचलो तेव्हा दाढीवाला आमच्या पुढेच होता आणि बाई दारात उभ्या होत्या. अंगात लोकरीचा लांब झगा, हातावर पांढरा टॉवेल, खाली स्टुलावर इनॅमलचं घंगाळ आणि हातात एक मोठा जग. वाफ येत होती, म्हणजे पाणी गरम होतं. तेवढा विचार त्यांनी केला होता. दाढीवाल्याने बाह्या सरसावून हात पुढे केले, बाईंनी नाटकी आवाजात त्या जुन्या भाषेतलं काहीतरी म्हणत पाणी ओतलं, त्याने हात चोळले, टॉवेलला पुसले, सगळे हसले. मागे आणखी दोघं-तिघं फोटो काढत होती.

माझ्या हातात केकचा डबा होता. मला ते दिसलं, कळलं, पण तोंडातून शब्द फुटायच्या आत बाबा पायरी चढले होते.

"वेलकम, वेलकम," बाई म्हणाल्या आणि जग उंच धरला.

बाबांचे हात पुढे गेले. दाढीवाल्यासारखे नाही. दोन्ही तळवे एकमेकांना जोडून, करंगळ्या चिकटवून, अंग जरा पुढे वाकवून. ती ओंजळ होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे हात त्याला न विचारता तसे जुळले होते. बाईंनी जग कलता केला, पहिली धार ओंजळीत पडली, आणि बाबांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. मग ते एकदम मागे घेतले. पाणी फरशीवर सांडलं. त्यांनी ओले हात कोटाच्या पाठीमागे धरले आणि तसेच उभे राहिले.

"ओ! फार गरम आहे का?" बाईंनी विचारलं.

"नो, नो," मी घाईने म्हणाले, "त्यांचे हात... म्हणजे थंडीमुळे..."

"तसं नाही," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "आहे तसं सांग त्यांना."

"बाबा, आत जाऊन..."

"इथेच. दारात. आहे तसं."

मग मी सांगितलं. पावसात, केकचा डबा छातीशी धरून. आमच्या देशात काही माणसांना भांडं लागू नये म्हणून पाणी असं वरून ओतून देत, माझे बाबा लहानपणी असं पाणी प्यायलेत, तेव्हापासून ते कुणाकडे पाणी मागत नाहीत, आणि आज तुम्ही पाणी देणार म्हणून ते आपली बाटली घरी ठेवून आलेत. एवढंच. पहिल्यांदा मी काहीही गाळलं नाही, काहीही मऊ केलं नाही. माझा आवाज चढला होता, ते मला शेवटी कळलं.

मग दाढीवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "थँक यू फॉर शेअरिंग."

हे वाक्य मला या देशात आल्यापासून डोक्यात जातं. तुम्ही काळजातलं काही काढून पुढे ठेवा, ते हे वाक्य त्यावर झाकणासारखं घालतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. बाई लालबुंद झाल्या होत्या. "सॉरी," म्हणाल्या. मग परत सॉरी. मग इतक्या वेळा सॉरी की बाबाच त्यांना "इट इज ऑल राइट, मॅडम" म्हणू लागले. म्हणजे ज्याला लागलं त्यानेच समजूत काढायची. जग, घंगाळ, टॉवेल सगळं धावत आत गेलं. आम्हाला बसवलं शेकोटीजवळ, सगळ्यांत चांगल्या खुर्च्यांवर.

आणि मग जे झालं त्याचा मला अजून राग येतो. बाबांना कुणी काहीच दिलं नाही.

वाईट हेतूने नाही, हे मला कळत होतं, आणि त्यानेच जीव जास्त जळत होता. चहाचा ट्रे आला. बाईंनी एकेकाला कप दिला, मलाही दिला, बाबांसमोर येऊन थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब दिसत होता: द्यावा का, कशात द्यावा, आधी विचारावं का, विचारलं तर परत चुकेल का. "मी... तुम्हाला जसं..." एवढं पुटपुटल्या आणि ट्रे घेऊन परत गेल्या. बिस्किटांची बशी दोन्ही बाजूंनी फिरली आणि बाबांच्या अलीकडूनच वळली. चुकू नये म्हणून त्या घरातली सगळी माणसं माझ्या बाबांना वळसा घालून वावरत होती. अहो, यालाच तर शिवाशिव म्हणतात आमच्याकडे, असं ओरडावंसं वाटत होतं मला.

मी माझा कप खाली ठेवून उठले. स्वयंपाकघर समोरच होतं. बाबांनी माझी बाही धरली. "बस."

"मी पाणी आणते."

"तू आणलेलं काय कामाचं? घर तुझं आहे का? बस."

बसले. आणि सगळ्यांत कहर म्हणजे वर्ग सुरू झाला. पाहुण्याचं कडवं वाचलं गेलं. बाईंचा आवाज नेहमीसारखा चढेना. इंग्रजी अर्थ सांगताना पाण्याचा उल्लेख आला तिथे त्या अडखळल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मग नेहमीचा प्रश्न: आजच्या आयुष्यात हे कसं वापरू? दाढीवाला म्हणाला की नवा कर्मचारी पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याचा लॅपटॉप तयार हवा, लॉगिन चालू हवं, हेच त्याचं शेकोटी-पाणी. ऑनबोर्डिंग. त्यावर माना डोलल्या. माझ्या शेजारी एक माणूस तहानलेला बसला होता आणि इथे लॉगिनची चर्चा चालली होती. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला. इंग्रजीत. सावकाश, एकेक शब्द शाळेत फळ्यावर लिहावा तसा.

"हे कोण कुणाला सांगतंय, असं मी नेहमी विचारतो. माझी मुलगी ते तुम्हाला सांगत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेकोटीकडे पाहिलं.

"मला वाटतं हे कडवं घरमालकाने केलेलं नाही," बाबा पुढे म्हणाले. "घरमालक शेकोटीपाशी ऊब घेत असतो. बाहेर किती थंडी आहे ते त्याच्या लक्षात नसतं. हे दारात उभ्या असलेल्या माणसाने केलंय. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. त्याला मागायची लाज वाटते, म्हणून त्याने कडवं केलं. आणि दारात दोन माणसं असतात. दुसऱ्यालाही भीती वाटते."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, हातातल्या कागदांची गुंडाळी करून. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडम," बाबा म्हणाले. "कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?"

मी माझ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं, कुठल्याच भाषेत. आई हॉस्पिटलात होती तेव्हा ते रात्रभर बाकावर बसून राहिले, पण नर्सकडे घोटभर पाणी मागितलं नव्हतं.

बाई उठल्या. आत नळ सुटल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा, मग परत नळाचा. त्या काचेचा पेला घेऊन आल्या, काठोकाठ भरलेला. दोन्ही हातांत धरला होता तरी गालिच्यावर थेंब सांडत होते. बाबा खुर्चीतून उभे राहिले. त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी घेतला, तेव्हा त्यांची बोटं बाईंच्या बोटांना लागली. ते सगळं पाणी प्यायले, न थांबता, घशाची घाटी वरखाली होताना दिसत होती. रिकामा पेला त्यांनी बाईंच्या हातात परत दिला.

"थँक यू," म्हणाले. "नाऊ टी. टू शुगर्स."

बाई हसल्या की रडल्या ते मला नीट सांगता येणार नाही. आत गेल्या त्या चहा घेऊनच आल्या, आणि बिस्किटांची अख्खी बशी बाबांच्या मांडीवर ठेवली. मग बाबा आणि त्या गुलामांवर भांडले. चक्क भांडले. बाईंचं म्हणणं की त्यांच्या पूर्वजांमध्ये गुलामांना बरं वागवत. बाबांचं म्हणणं, हे गुलामाला विचारलं का. माझी कुणाला गरज पडली नाही. निघताना बाईंनी बाबांना दारापर्यंत येऊन सांगितलं की या बाजूला कधीही याल तर नुसती बेल वाजवा, आणि हे त्या इंग्रजांच्या पद्धतीने नुसतं म्हणायचं म्हणून नव्हत्या म्हणत. पाठोपाठ बसचा नंबर सांगितला.

अंधार पडला होता. मी गाडी सुरू केली आणि हीटर वर केला. आता सगळं छान झालं होतं, तरी माझा राग उतरत नव्हता. इतकी वर्षं. आईच्या वेळी नाही, माझ्या लग्नात नाही, आणि आज, इथे, ज्यांनी दारात असं केलं त्यांच्यापुढे?

"ते तिकीट पुढे ढकल," बाबा म्हणाले. "गुलामांचा विषय अर्धा राहिलाय. त्यांना वाटतंय त्या जिंकल्या."

मी काही आठवडे हे एकच वाक्य ऐकण्यासाठी झुरत होते. पण तोंडातून निघालं भलतंच. "ते करीन मी. पण मला आधी सांगा, इतकी तहान लागली होती तर मला का नाही उठू दिलंत? मी आणलं असतं ना पाणी. तुम्ही का मागायचं? तुम्ही?"

ते कोटाच्या खिशात काहीतरी चाचपत होते. बिस्कीट निघालं, रुमालात गुंडाळलेलं. त्यांनी ते मोडून अर्धं माझ्यापुढे धरलं.

"बेटा," ते म्हणाले, "मला कुठे तहान लागली होती?"